आपल्या पुस्तकाला सवाल करायचा की नाही?

परवा आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'वर परीक्षण वाचलं. दोन पानं. 'ज्वलंत', 'धगधगतं', 'विद्रोही' हे शब्द ओळीओळीला. टाळ्या पडल्या. मग मागे बसलेली एक मुलगी उठली. म्हणाली, "फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावची जोगणी आपल्या गावात आणताना जीव देतो. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवलं, त्या गावाच्या इभ्रतीसाठी त्याने का मरावं? परीक्षणात हे कुठाय?"

झालं! एकजण खेकसला, "आपल्याच माणसावर टीका? ते टपून बसलेत, त्यांच्या हाती कोलीत देतेस?"

दोस्तहो, खेकसणारा खोटं बोलत नव्हता. प्रस्थापित समीक्षेने आपलं लेखन 'हे साहित्य की प्रचार?' असं विचारत नाकाने उलटंपालटं केलं. त्यांच्या गजाने मोजलं की आपलं कापड आखूडच भरायचं. अशा वेळी आपल्या लेखकाच्या पाठीशी उभं राहणं हे कर्तव्यच होतं. आजही आहे.

पण पाठीशी उभं राहणं म्हणजे डोळे मिटून हार घालणं नव्हे. हार फोटोला घालतात. पुस्तक उघडायचं असतं. न वाचता हिणवणारा आणि न वाचता गौरवणारा, दोघांनीही पुस्तक बंदच ठेवलं की!

आता त्या मुलीचा सवाल घेऊन 'फकिरा' पुन्हा वाचा. मी वाचली. राणोजी गावाच्या मानासाठी मरतो. गाव त्याला वीर म्हणतं, पण मांगवाडा आहे तिथंच राहतो. मुलगा फकिराही शूर आहे, पण तो झुंजतो ती भाकरीसाठी, उपाशी माणसांसाठी, आणि हजेरीत डांबणाऱ्या इंग्रज सरकारविरुद्ध. जातच्या जात गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १८७१ चा, रद्द झाला १९५२ साली. शेवटी फकिरा स्वतःला सरकारच्या हवाली करतो, तेही आपल्या माणसांच्या सुटकेसाठी. बाप गावासाठी मेला, लेक आपल्या माणसांसाठी. एका पिढीत शौर्याने मालक बदलला! हे मला त्या टाळ्यांत दिसलं नव्हतं. त्या सवालाने दाखवलं. म्हणजे सवालाने पुस्तक लहान झालं नाही, मोठं झालं.

सगळे सवाल सुटले असंही नाही. दुष्काळात मांगांच्या बाजूने कुलकर्णी विष्णुपंत उभा राहतो. आधार वाड्यातूनच का यावा? ही माझी टोचणी अजून आहे. परीक्षणात मी ती लिहीन. पण आधी कादंबरी काय करते ते सांगेन, मग सवाल, मग त्याचं उत्तर पुस्तकातच आहे का याचा शोध. आणि उरली ती टोचणी, ती माझी म्हणून माझ्या नावावर.

कोणी म्हणेल, हे घरातलं घरात बोलावं. पण बाबासाहेबांनी काय केलं? ज्या धम्मात ते लाखो माणसं घेऊन गेले, त्या धम्मावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी परंपरेलाच चार सवाल केले. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात, सर्वांसमोर छापून आला. सवाल केल्याने बुद्ध परका झाला का? आणि कालामांना बुद्धाने हेच सांगितलं, गुरू सांगतो म्हणून मानू नका.

'फकिरा' अण्णा भाऊंनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. पुतळ्याला नाही, लेखणीला! त्या लेखणीचं नाव लावणाऱ्या पुस्तकापुढे आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या?

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "बाबा, तुझं परीक्षण फाडू नकोस. त्या मुलीला शेजारी बसव, आणि तिसरं पान लिही."