चार ग्लास, एक रिकामा

समोर पाच ग्लास आहेत असं समजा.

खरोखर असायलाच हवेत असं नाही. शातो दिकेम या फ्रेंच मळ्याच्या गोड वाइनची एक बाटली घ्यायची तर आपल्यासारख्यांच्या घरचा महिन्याचा किराणा त्यात सहज जातो. जुन्या बाटलीच्या बाबतीत तर किराण्याचं नावही काढू नये. तेव्हा ग्लास मनातलेच असू द्या. मनातला ग्लास सांडत नाही, हा एक फायदा.

खाली पांढरं कापड आहे. डाव्या हाताला खिडकी. उजेड दिवसाचा.

पाठ टेकून बसा. हात अजून ग्लासाकडे नेऊ नका.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आणि नुसतं बघा.

डावीकडचा पहिला ग्लास २०१५चा. त्याच्या शेजारचा रिकामा आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. मग २००१. मग १९८८. आणि उजव्या टोकाला १९६७, साठीच्या आसपास पोचलेली.

चारही एकाच टेकडीवरच्या. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहराच्या दक्षिणेकडे सोतेर्न गाव आहे, तिथली ही टेकडी. तीच जमीन. द्राक्षं त्याच दोन जातींची, बरीचशी सेमियों आणि बाकीची सोव्हिन्यों ब्लां. ओकच्या नव्या पिंपांत मुक्काम करायची रीतही तीच. वेगळं आहे ते पिकाचं वर्ष, आणि त्यानंतर बाटलीत आडवं पडून काढलेला काळ.

तो काळ आत्ता तुमच्यासमोर रंग होऊन उभा आहे.

पहिला ग्लास कापडावर किंचित तिरका करा. फिकट सोनेरी. काठाशी तर रंग जवळजवळ संपतोच.

नजर उजवीकडे सरकू द्या. २००१. इथे सोनं दाटलं आहे. काठापर्यंत पिवळं.

पुढे १९८८. पिवळ्यात तांबूस मिसळू लागलंय. नक्की कुठे मिसळलं ते शोधायला जाऊ नका.

आणि १९६७. आता तांबूसच पुढे आहे, पिवळं मागे राहिलं. कडेला मात्र एक उजळ रेघ आहे, अजून चमकणारी.

लाल वाइन वयाबरोबर फिकी होत जाते. पांढरी गडद होत जाते. दोघी उलट दिशांनी चालतात, आणि पुरेसा काळ गेला की तपकिरी रंगावर दोघींची गाठ पडते. याच मळ्यातली १९२१ची वाइन आता गडद तपकिरी झाली आहे. एकेकाळी तीही या पहिल्या ग्लासासारखीच फिकट होती.

पुन्हा पहिला ग्लास. पुन्हा शेवटचा.

मधली वर्षं बघायची घाई नको.

आता डोळे मिटा.

ऑक्टोबरची सकाळ आहे. टेकडीच्या खाली सिरों नावाची लहानशी नदी आहे. ती झाडीतून येते, सावलीतून येते, म्हणून तिचं पाणी गार. पुढे ती गारोनला मिळते. गारोन मोठी, रुंद, उन्हात पसरलेली. तिचं पाणी तेवढं गार नाही. गार आणि कोमट पाण्याची भेट होते तिथून धुकं उठतं.

धुकं चढ चढून येतं. वेलींत शिरतं. घडांवर बसतं.

नाकाला ओलावा जाणवू द्या. पानांचा, ओल्या मातीचा.

त्या ओलाव्यात एक बुरशी वाढते, बोट्रायटिस सिनेरिया. आपल्याकडे नाशिकच्या बागेत घडावर बुरशी दिसली की बागायतदाराची झोप उडते. इथे तिची वाट बघतात.

दुपार होते. ऊन पडतं. धुकं विरतं. बुरशीने द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात, त्यांतून आतलं पाणी उडून जातं. साखर मागे राहते. आंबटपणाही बराचसा मागे राहतो. टपोरा हिरवा मणी आधी तपकिरी होतो, मग जांभळट, मग सुरकुततो. वरून राखाडी लव. दिसायला अजिबात चांगला नाही.

सकाळी धुकं, दुपारी ऊन. पुन्हा धुकं, पुन्हा ऊन. हा तोल राहिला तर ही वाइन होते. नुसता पाऊसच लागून राहिला तर हीच बुरशी साधी कूज होऊन सगळं घेऊन जाते.

तोडणारे येतात. एका घडातून फक्त सुकलेले मणी खुडतात, बाकीचे वेलीवर तसेच ठेवतात. काही दिवसांनी परत येतात. मग पुन्हा. कधी कधी हे नोव्हेंबरपर्यंत चालतं. असं करत एका वेलीमागे साधारण एक ग्लास वाइन निघते.

म्हणजे समोर ग्लास नाहीत, वेली आहेत.

एक वेल. दुसरी. तिसरी.

डोळे उघडा.

आता तो रिकामा ग्लास.

तो २०१२चा आहे. त्या वर्षी ऋतू बिघडला, आणि त्या वर्षीची वाइन दिकेमच्या नावाने बाजारात आणायची नाही असं मळ्याने ठरवलं. १९९२मध्येही तेच झालं होतं. १९७२, १९५२ही तशीच कोरी. दोनने संपणारी वर्षं इथे जरा अपशकुनीच म्हणावीत असं वाटतं, पण १९६२ आणि १९८२ नीट निघाल्या, शिवाय १९६४ आणि १९७४ निघाल्या नाहीत. शकुनाला फार जागा नाही. पाऊस तेवढा खरा.

रिकामा ग्लास उचला. नाकाशी न्या.

काच. थोडं कापड. तुमचा स्वतःचा श्वास.

इथे थोडं थांबा. चार भरल्या ग्लासांच्या रांगेत नाकाला ही एक जागा मोकळी मिळते. ज्या वर्षी काही हाती लागलं नाही ते वर्षही याच टेकडीवरून गेलं. तेव्हाही वेलींना पानं फुटली होती, तेव्हाही सिरोंवरून धुकं आलं असणार.

श्वास आत. श्वास बाहेर.

ग्लास खाली ठेवा.

या मळ्याच्या इतिहासाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १७८७मध्ये टॉमस जेफरसन बोर्दोला आला होता, त्याने इथली १७८४ची वाइन मागवली. १८५५च्या प्रतवारीत सोतेर्नच्या गोड वाइनमध्ये या एकट्या मळ्याला सगळ्यांच्या वरचा, स्वतंत्र दर्जा मिळाला. १७८५च्या एका लग्नाने मळा ल्यूर-सालूस घराण्यात गेला आणि दोनशेहून अधिक वर्षं तिथेच राहिला. आता मालकी एलव्हीएमएच कंपनीकडे आहे. सगळं खरं, आणि आत्ता आपल्याला यातल्या कशाचाच उपयोग नाही.

नाक पुढे करा.

२०१५. ग्लास हलवू नका. जे आपण होऊन वर येतं तेवढंच घ्या. पांढरी फुलं. लिंबाची साल. ताजं जर्दाळू. नव्या लाकडाचा व्हॅनिला, अजून वेगळा ओळखू येणारा. प्रत्येक वास सुटा सुटा उभा आहे, नाव विचारलं तर लगेच सांगेल.

ग्लास दूर. एक साधा श्वास.

२००१. इथे नावं एकमेकांत मिसळू लागली आहेत. जर्दाळू आहे, पण पिकलेलं. संत्र्याची साल आहे. मध आहे. लाकूड कुठे गेलं? शोधा. नाही सापडलं तर सोडून द्या.

ग्लास दूर. पुन्हा साधा श्वास.

१९८८. केशर. आधी वाटतं आपल्याच मनाचा खेळ असेल. परत या. केशरच आहे, आणि त्याच्याखाली सुकं जर्दाळू, सुका चहा.

इथे हवा तेवढा वेळ राहा. मला विचाराल तर नाकासाठी या रांगेतली सगळ्यात श्रीमंत जागा हीच. तरुणपण अजून पूर्ण गेलेलं नाही आणि म्हातारपण दारात येऊन उभं आहे, घाई न करता.

आणि आता १९६७.

फळ मागे सरलं आहे. जाळलेली साखर. अक्रोड. वाळलेली साल. आणि आणखी काहीतरी, जे ओळखीचं आहे पण इथे अपेक्षित नाही.

थांबा. नाव घाईने देऊ नका.

ते मेथीसारखं आहे.

सोटोलॉन नावाचा एक रेणू असतो. मेथीच्या दाण्यांचा वास मुख्यतः त्याचाच. बुरशी धरलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये तो सापडतो, आणि बाटलीतल्या वर्षांबरोबर वाढत जातो. विरळ असतो तेव्हा जळक्या साखरेकडे झुकतो, दाट झाला की थेट मेथीकडे.

हा एक ग्लास मात्र तुमच्याकडे आहे. उठा, स्वयंपाकघरात जा. कढल्यात चार मेथीदाणे मंद आचेवर टाका. तेल नको. करपू देऊ नका. रंग तांबूस होऊ लागला की उतरवा, आणि वास वर यायच्या आधीच नाक पुढे करू नका. तो येईपर्यंत थांबा.

आला?

वासाच्या सुरुवातीला गोडसर काहीतरी आहे, मग कडवट. दोन्हींच्या मधे क्षणभर एक पट्टी आहे जिथे ते ना गोड आहे ना कडू. त्या पट्टीवर लक्ष ठेवा.

सुटलं तर पुन्हा हुंगा.

आता चाखायचं.

२०१५चा लहानसा घोट. गिळू नका. तोंडात राहू द्या.

गोड. सगळीकडे गोड. हिरड्यांपर्यंत, गालांच्या आतपर्यंत. या वाइनमध्ये लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते, आणि तरुणपणी ती आपलं अस्तित्व लपवत नाही.

आता गालांच्या आतल्या बाजूला लक्ष द्या. तिथे लाळ सुटते आहे. गोडाच्या खाली आंबट आहे, शांतपणे काम करणारं. ते नसतं तर हा घोट जड होऊन जिभेवर बसून राहिला असता.

गिळा. थांबा.

२००१. गोड तितकंच. पण मघाशी ते धावत पुढे आलं होतं, आता संत्र्याच्या सालीबरोबर चालत येतं.

गिळा. थांबा.

१९८८. गोड शोधावं लागत नाही, पण तुमचं लक्ष त्याच्यावर राहत नाही. केशरात जातं. किंचित कडवटपणात जातं. मग लाळेकडे परत येतं.

गिळा. आणखी थोडं थांबा.

१९६७.

घोट तोंडात आहे. काय जाणवतं?

कोरडं.

जवळजवळ कोरडी वाइन. आधी आंबट, मग साल, मग मेथीची ती कडसर कड, आणि गोड अगदी शेवटी, आडोशाला.

सोतेर्नकडे म्हणतात, वाइनने आपली साखर खाल्ली.

पण खाल्लेली नसते. प्रयोगशाळेत मोजली तर सापडते, बाटलीत भरली तेव्हा होती जवळजवळ तेवढीच. साखर कुठेच गेली नाही. तिच्याभोवती इतकं काही उगवून आलं की जीभ आता सगळ्यात आधी तिच्याकडे जात नाही.

याच्यावर विचार करू नका. दुसरा घोट घ्या, आणि जीभ आधी कुठे जाते ते फक्त बघा.

तिला वळवू नका.

कोरडं वाटलं तर कोरडं. मधेच गोड वाटलं तर गोड. एकाच घोटात दोन्ही वाटलं तर तेही चालेल. १९६७ तुमच्या मताची वाट बघत नाही.

गिळा.

चव अजून आहे. फ्रेंच चाखणारे गिळल्यानंतरचे सेकंद मोजतात, चव किती टिकते ते बघायला. तुम्ही मोजू नका. आकडा सुरू झाला की चव ऐकू येत नाही.

ओठ मिटलेले ठेवा. श्वास नाकाने बाहेर सोडा. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर वास पुन्हा वर येतो. संत्र्याची साल. पुढच्या श्वासाला साल नाही, अक्रोड. पुढच्याला मेथी, अगदी पुसट.

त्याच्या पुढच्याला काय आहे?

बघा.

आणि जेव्हा काहीच राहणार नाही, तेव्हा थोडं पाणी प्या. घरात खारट चीज असेल तर एक लहान तुकडा खा. तिकडे या वाइनबरोबर निळ्या बुरशीचं रोकफोर खातात. मिठानंतर १९६७चा एक घोट घेतला तर आडोशाला बसलेलं गोड एकदम पुढे येतं.

उरलेल्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न मनातल्या मेजवानीतही पडतोच. २०१५ला बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. एवढी साखर आणि एवढा आंबटपणा असल्यावर ती आठवडाभर सहज राहते, आणि रोज एक घोट घेतला तर रोज थोडी वेगळी लागते. १९६७ आज रात्रीच संपवा. इतकी वर्षं बुचाआड काढलेल्या वाइनला मोकळी हवा फार वेळ सोसत नाही.