वारसा आणि मक्ता

अल्लीपूरच्या एका ओसरीवर, महसुली दप्तर सांभाळण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते काकाजी आणि पर्ल भाषेतील जुन्या प्रोग्रॅमांची निगराणी करणारी त्यांची पुतणी यांच्यात झालेला हा संवाद.

पुतणी : काकाजी, माझा पेच निव्वळ तांत्रिक असता तर तुम्हांला त्रास दिला नसता. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेला १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत मॉड्यूले लाभली. मॉड्यूल म्हणजे स्वतःच्या नावांची स्वतंत्र हद्द असलेली संहिता. 'यूज' म्हणून ते मागविले, की उरलेल्या प्रोग्रॅमचे संकलन होण्याआधीच भाषा नेमून दिलेल्या ठिकाणी त्याची फाइल शोधते, चालविते, ती पुन्हा वाचावी लागू नये म्हणून कोष्टकात तिची नोंद करते, आणि मग मागणाऱ्याला नावे पुरविणाऱ्या, त्या मॉड्यूलाच्या 'इम्पोर्ट' या मेथडला हाक मारते.

काकाजी : दाखल करणे आणि नोंद ठेवणे, इथवर सर्व सरळ आहे. पेच कोठे?

पुतणी : 'इम्पोर्ट'पाशी. ती बहुधा भाषेबरोबरच येणाऱ्या 'एक्स्पोर्टर' या मॉड्यूलाकडून मिळते. जुन्या रीतीत आपल्या पूर्वजांच्या यादीत एक्स्पोर्टरचे नाव लिहावयाचे, म्हणजे आपल्यापाशी नसलेली मेथड भाषा त्याच्याकडे शोधते. २००४ च्या ५.८.३ आवृत्तीपासून मात्र 'इम्पोर्ट' तेवढी नावानिशी मागून घेता येते. माझ्या मॉड्यूलांत जुनीच रीत आहे, आणि एका मेथडपायी कुणाला पूर्वज म्हणणे मला असत्य वाटते.

काकाजी : वारस लागणे निराळे, शेत मक्त्याने करणे निराळे. गाव नमुना सहा-क मध्ये ज्याची वारस म्हणून नोंद होते, त्याच्याकडे जमिनीबरोबर तिच्यावरचा बोजाही येतो. मक्त्याने करणाऱ्याचा संबंध करारापुरता.

पुतणी : माझ्या मॉड्यूलांवरही असाच बोजा आला आहे, एक्स्पोर्टरच्या इतर मेथडही, इच्छा नसता, त्यांच्या होऊन बसल्या आहेत.

काकाजी : पण मागून आणलेली मेथड तुझ्या हद्दीत आली, की तुझ्या मॉड्यूलाच्या वंशजांना ती उसनी आहे हे कळते काय?

पुतणी : नाही. पर्लमध्ये मेथड आणि साधे फंक्शन यांच्या साठवणुकीत भेद नाही. हद्दीत जे फंक्शन आहे, ते वंशजाला मेथड म्हणून सापडते. त्यातही एक विलक्षण गोष्ट अशी, की वंशजाला निर्यातीची रीत मिळते, निर्यातीची यादी मिळत नाही. 'इम्पोर्ट'ला ज्याच्या नावे हाक पडली त्याचीच यादी ती पाहते, त्यामुळे बापाने बाहेर दिलेली नावे मुलाकडे मागणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

काकाजी : मग उसनवारीचाही पुढच्या पिढीत वारसाच होतो, आणि तुझा सत्याचा आग्रह एका पिढीपुरता उरतो.

पुतणी : तेवढाही मला मोलाचा आहे, काकाजी. फाइल उघडणाऱ्याला प्रारंभीच कळावे, काय कोठून आणले. न मागता नावे बाहेर देणारी यादी मी याच कारणाने रिकामी ठेवते आणि मागेल त्यालाच देणारी भरते. कारण दोन मॉड्यूलांनी न विचारता एकाच नावाची फंक्शने पाठविली, तर मागाहून आलेले आधीच्याची जागा बळकावते, आणि मग गफलत कोठे झाली हे शोधणाऱ्याच्या हालांना पारावार राहत नाही.

काकाजी : हे पटले. पण ज्यांनी तुझ्या मॉड्यूलाचे वंशज म्हणून एक्स्पोर्टरच्या त्या इतर मेथड वर्षानुवर्षे वापरल्या, त्यांची वहिवाट तू एका ओळीने मोडणार? नोंद दुरुस्त करणे हे कर्तव्यच होय. तथापि ज्यांना बाध येतो त्यांना नोटीस न देता फेरफार मंजूर करणे हा अन्याय आहे.

पुतणी : एका जागी त्यांतली 'एक्स्पोर्ट-टू-लेव्हल' ही मेथड अशी वापरलेली मला दिसली. ती मागून घेतलेल्या 'इम्पोर्ट'बरोबर येत नाही. वंश तोडला, तर तो प्रोग्रॅम बंद पडेल. तेथे जुने नाते राहू देईन.

काकाजी : आणि ज्यांचा वापर तुझ्या दृष्टीआड आहे, त्यांचे काय?

पुतणी : त्यांच्यासाठी पुढच्या एका आवृत्तीत पूर्वजांची यादी तशीच ठेवीन आणि त्या मेथडांवर इशारा देणारे वेष्टण घालीन; त्या कोणी वापरल्याच, तर काम होईल आणि इशाराही छापला जाईल. तोडायचे ते त्यानंतरच्या आवृत्तीत.