बघवत नाही की सोसवत नाही?

खंडाळा म्हटलं की बहुतेकांना लोणावळ्याच्या शेजारचा आठवतो. आमचा खंडाळा साताऱ्याचा. पुण्याहून निघालं की शिरवळ मागं पडतं आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी आमचं गाव लागतं. मी पुण्यात नोकरी करतो. घरी आई, अण्णा आणि खंड्या.

खंड्या 14 वर्षांचा झालाय. डोळ्यांत निळसर झाक आलीय. मागचे पाय फरशीवर घसरतात, म्हणून आईनं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटं अंथरलीत. रात्री तो उठतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि भुंकतो. आई उठते, जुन्या साडीची पट्टी त्याच्या पोटाखालून घालते आणि त्याला तोलत अंगणात नेते. 'राखण करत नाही तर पोसायचा कशाला?' असं विचारणारे गावात आहेत. आई त्यांना उत्तर देत नाही.

शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे डॉक्टर जवळ आहेत. त्यांनी सांगितलं, माणसांसारखा काही कुत्र्यांनाही म्हातारपणी विसर पडतो आणि दिवस-रात्रीचं गणित उलटं होतं. रात्री एक दिवा चालू ठेवा. सामानाची जागा बदलू नका. एकाच कुशीवर फार वेळ पडू देऊ नका, जखमा होतात. आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या आपल्या गोळ्या मनानं देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

एका शनिवारी मी घरी होतो. रात्री दोनला जाग आली. खंड्या स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि उठायचा प्रयत्न करत होता. पाय सटकत होते. मी पुसलं, त्याला धुतलं, कोरडं केलं. नंतर झोप आली नाही. सकाळी आई भाकरी थापत होती. म्हणालो, "आई, इंजेक्शन देऊन मोकळं करूया त्याला."

तिनं मान वर केली नाही. "तुला बघवत न्हाई का त्याला सोसवत न्हाई? आधी ते ठरव."

मला उत्तर देता आलं नाही. मी पंधरा दिवसांतून एक रात्र जागलो होतो. ती रोज जागत होती, आणि सुटकेची भाषा मी करत होतो. 'त्याला मोकळं करू' आणि 'आपण मोकळे होऊ' या दोन वाक्यांत किती कमी अंतर आहे, हे त्या दिवशी कळलं.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधीजींनी स्वतःसमोर डॉक्टरांकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. अहिंसावादी माणसानं वासरू मारलं म्हणून देशभरातून संतापाची पत्रं आली. त्यांनी 'नवजीवन'मध्ये लेख लिहून आपली बाजू मांडली. त्याच लेखात आश्रमाच्या पिकाची नासधूस करणाऱ्या माकडांचाही प्रश्न होता. माकडांना मारणं ही मात्र हिंसाच, असं ते म्हणाले, कारण त्यात भलं आपलं होतं, माकडाचं नव्हे. मारणं दोन्हीकडे मारणंच. फरक कुणासाठी एवढाच. आई काही हे वाचायला गेली नव्हती. पण ती तेच विचारत होती.

कुत्र्याच्या निष्ठेची गोष्ट निघाली की लोक युधिष्ठिराचं नाव घेतात. सोबतच्या कुत्र्याला सोडून त्यानं स्वर्गात जायचं नाकारलं. मोठीच गोष्ट. पण महाभारतातला तो कुत्रा शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होता. द्रौपदी पडली, भाऊ पडले, कुत्रा पडला नाही. त्याला रात्री दोनला उचलून न्यावं लागलं नाही. न सोडणं म्हणजे नक्की काय करणं, हे आमचं कोडं त्या गोष्टीत सुटत नाही.

पुढच्या खेपेला मी धीर करून आईला उलटं विचारलं, "मला बघवत नाही, हे खरं. पण तुला सोडवत नाही, असं तर नाही ना?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असंल."

माझ्या मते अडचण इथंच आहे. बघवत नाही म्हणून घाई होते आणि सोडवत नाही म्हणून उशीर. दोन्हींत आपणच असतो. ज्याला सोसायचं आहे, त्याला बोलता येत नाही. आपल्या मनाला माया म्हणतात की कंटाळा, हे आपल्यालाही दरवेळी ओळखू येत नाही. म्हणून एकट्या मनावर विसंबू नये.

ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या पशुवैद्य आहेत. त्यांनी अशा वेळेसाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. आम्ही ती सोपी केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई रोज पेन्सिलीनं खूण करते. दुधात कुस्करलेली भाकरी त्यानं आपणहून खाल्ली का, हाक मारल्यावर शेपूट हलली का, न कण्हता झोपला का. बरं गेलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. या महिन्यात आजवर 19 बरोबर आणि 6 फुल्या आहेत.

ज्या पंधरवड्यात फुल्या जास्त होतील, त्यानंतर डॉक्टरांना बोलवायचं ठरलंय. आणि त्या वेळी मी फोनवर नसेन. त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल. निर्णयात माझं मत हवं असेल तर तेवढं बघणंही माझ्या वाट्याला यायला हवं.

या हिशेबानं सगळं सुटतं असं नाही. खूण करणारा हात आईचाच आहे, आणि एखाद्या फुलीच्या दिवशी ती बरोबरची खूण करत असेल, अशी मला शंका आहे. म्हणून हल्ली शनिवारी गेलो की रात्री खंड्याजवळ मी झोपतो आणि त्या दिवसाची खूण मीच करतो.

एरवी रात्री फोन लावतो. पूर्वी पहिला प्रश्न 'जेवलीस का?' हा असायचा. आता विचारतो, "आज काय?"

"बरोबर," आई म्हणते. मागं खंड्या भुंकत असतो.