क्लेम लागेपर्यंत

बनावट नोट चार दिवसांत कुठल्यातरी गल्ल्यावर पकडली जाते. बनावट मेडिक्लेम पॉलिसी मात्र कपाटात वर्षानुवर्षं सुखाने नांदते. माणूस धडधाकट असेतोवर खरी पॉलिसी तरी वेगळं काय करते? तीही तिथेच पडून असते. हप्ता घेते, पावती देते, वर्षाने आठवण करून देते. दोघींतला फरक कळतो तो रुग्णालयात टीपीएच्या, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, खिडकीपाशी, आणि तोही नेमका अशा दिवशी, जेव्हा घरातल्या कुणातच भांडायचं त्राण नसतं.

फोनवरून विमा विकणाऱ्या ठगांचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो. त्यांना पैसे घेऊन रात्रीतून पळावं लागत नाही. गिऱ्हाइकाची तब्येत बरी असली तर ते पुढच्या वर्षी पुन्हा फोन करू शकतात, आणि गिऱ्हाईक पुन्हा हप्ता भरतं.

फोन येतो तो बहुधा नूतनीकरणाच्या महिन्यात. बोलणारी बाई अदबशीर हिंदीत, 'हेड ऑफिस से' बोलत असते. आपलं नाव, पॉलिसीचा नंबर, मुदत संपण्याची तारीख तीच आपल्याला वाचून दाखवते. निम्मं काम इथेच होतं. एवढं सगळं ठाऊक असलेलं माणूस परकं कसं असेल? ही माहिती बाहेर जाते कशी, यात फारसं गूढ नाही. २०२४ च्या सप्टेंबरात देशातल्या एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांचे कागद, क्लेमच्या फायलींसकट, टेलिग्रामवर मिळत असल्याचं उघडकीला आलं होतं. अशा फायलीत माणसाच्या पत्त्याबरोबर त्याचं दुखणंही लिहिलेलं असतं.

मग मुद्द्याची गोष्ट. 'सर, इस साल आपका प्रीमियम बहुत बढ़ गया है।' हे तर खरंच असतं. ज्येष्ठांचे हप्ते इतके चढले की, जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाला सांगावं लागलं, आम्हाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नका. तेव्हा सत्तरीच्या गृहस्थाला कुणी निम्म्या हप्त्यात तेवढंच संरक्षण देऊ केलं, 'पुरानी वाली रहने दीजिए, हम पोर्ट कर देंगे' म्हटलं, तर त्याच्या होकाराला हाव म्हणणं मला पटत नाही. मुलांवर भार पडू नये म्हणून तो विमा घेतो, आणि विम्याचाही भार पडू नये म्हणून स्वस्तातला शोधतो. ज्याला उद्याची काळजीच नाही, त्याच्याकडून हे ठग एक रुपयाही काढू शकणार नाहीत. ते फसवतात जबाबदार माणसाला, वेळेवर हप्ता भरणाऱ्याला, पावत्या फायलीत लावणाऱ्याला.

विमा कायदा १९३८ चा. त्याच्या कलम ४१ नुसार कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीखेरीज हप्त्यात कसलीही सूट देणं, किंवा कमिशनचा वाटा गिऱ्हाइकाला परत करणं, हा गुन्हा आहे. दंड दहा लाखांपर्यंत. म्हणजे 'आज संध्याकाळपर्यंत भरलंत तर निम्म्यात' हे वाक्य ऐकताच कान टवकारायला हवेत. ते टवकारत नाहीत, कारण 'पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा' म्हणणारे एजंट आपल्या ओळखीत, कधी नात्यातही, असतात. खऱ्या विम्यातली ही सवय इतकी रुळली आहे की ठगाची सूट कुणाला खटकत नाही.

खऱ्या कंपन्यांकडूनही हेच घडत आलं आहे. त्यांचे फोनही असेच घाईचे, असेच गोड. 'कॉल रेकॉर्ड हो रहा है, सिर्फ यस बोलिए' हे आपण खऱ्या विक्रेत्याकडूनच शिकलो. अटी वाचू न देता होकार घ्यायचा, ही रीत त्यांनी पाडली. ठगांनी ती जशीच्या तशी उचलली. शिवाय मधली एक जात आहेच: 'तुमचा अडकलेला बोनस सोडवतो' असं सांगून वयस्कर बाईंच्या गळ्यात भलत्याच कंपनीची जीवनविम्याची पॉलिसी मारायची. कागद अस्सल, कंपनी अस्सल, फक्त सांगितलेली गोष्ट खोटी. अशी पॉलिसी निदान हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या बनावट पीडीएफला तीही सोय नाही.

विमा नियामक, म्हणजे हैदराबादचं आयआरडीएआय, स्वतः पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, हे ते जाहिराती देऊन वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तरी 'आयआरडीए से बोल रहे हैं' या शब्दांचा दरारा उतरलेला नाही. तीच गोष्ट सरकारी योजनेच्या नावाची. सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे; त्यात उत्पन्नाची अट नाही आणि हप्ताही नाही. तेव्हा आयुष्मान कार्डासाठी कुणी फोनवर 'फी' मागितली, तर पुढचं ऐकायचं कारणच उरत नाही.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती आहे त्या खात्यातच गोठवता येते. विम्याच्या फसवणुकीत 'लगेच' फार क्वचित येतं. त्यासाठी एकच खात्री हाताशी असते: पैसे दिल्याच्या दिवशीच कंपनीला फोन लावून नव्या पॉलिसीचा नंबर खरा आहे का ते विचारणं. कंपनीचा फोन नंबरही त्या बाईने दिलेला नको आणि इंटरनेटवर शोधलेलाही नको. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच हवा. पण घरात आधी प्रश्न येतो, 'बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही कसे फसलात?' त्या प्रश्नाच्या भीतीने कित्येक बाबा गप्प बसतात आणि महिने जातात.

त्या महिन्यांत होणारं नुकसान पैशांहून मोठं असतं. 'पोर्ट करतो' या शब्दावर विसंबून जुनी पॉलिसी भरायची राहते. मुदतीनंतरची तीस दिवसांची सवलत उलटली की ती बंद पडते, आणि इतक्या वर्षांचं सातत्यही संपतं. पुढे दुसरी, खरी पॉलिसी घेतली तर मधुमेह, रक्तदाब, गुडघे हे सगळं नव्या कंपनीच्या लेखी 'आधीपासूनचे आजार' होतं आणि त्यांची प्रतीक्षा, छत्तीस महिन्यांपर्यंतची, पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की, सिद्ध झालेली लबाडी सोडली तर, माहिती लपवल्याचं कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तेही कवच जातं. म्हणून अशा घरातून १९३० च्या पाठोपाठ दुसरा फोन जुन्या कंपनीला जायला हवा: सवलतीचे दिवस शिल्लक आहेत का? असतील, तर हप्ता त्याच दिवशी भरावा, उसने घेऊन का होईना.