वर्गणीच्या पावतीपलीकडे



शेतीची कामे उरकली की अंजनवेल-गुहागर भागात वाडीवाडीत बैठका सुरू होतात. ग्रामस्थ मंडळ, महिला बचत गट, क्रीडा मंडळ, शिमग्याची तयारी, चाकरमान्यांचे मुंबई मंडळ, अशी यादी मोठी आहे. आपल्याही दारात कोणीतरी येते आणि आपुलकीने म्हणते, "तुम्हीपण या की बैठकीला!" आपण काय करतो? वर्गणी देतो, पावती घेतो आणि दार लावतो. पावती खिशात गेली की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते. ते खरोखर संपते का, याचा आज आपण विचार करू या.

आपल्यापैकी काही जण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले आहेत, तर काही नोकरीच्या निमित्ताने आले. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाजवळ १९९० च्या दशकात वीज प्रकल्प उभा राहू लागला. २००१ साली तो बंद पडला आणि २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. त्यामुळे "उद्या बदली झाली तर? कशाला गुंतायचे?" हा प्रश्न येथे नेहमी ऐकू येतो. तो नवा नाही. बाबेलला नेलेल्या इस्राएली लोकांनाही आपण लवकरच परतणार असे वाटत होते. यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र पाठवले ते वेगळेच. घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचेही कल्याण आहे, असा त्याचा आशय होता. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाच्या पाण्याच्या बैठकीला आपण पाहुण्यासारखे गैरहजर राहावे, हे बरे नव्हे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मंडळात गेलो तर पूजा येते, प्रसाद येतो, पालखी येते. आपल्या श्रद्धेचे काय? करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच प्रश्न होता. संत पौलाने त्यांना शेजाऱ्याच्या घरी जेवायला जाण्यास मनाई केली नाही. मात्र मूर्तिपूजेत भाग घेऊ नका आणि आपल्या वागण्याने दुबळ्या भावाच्या विवेकबुद्धीला ठेच लागू देऊ नका, असे बजावले. म्हणजे सोबत बसावे, पण आपण कोण आहोत हे विसरू नये. पूजेच्या वेळी हात जोडून आदराने उभे राहणारा, पण स्वतः पूजा न करणारा शेजारी गावाला समजतो. जो आज एक आणि उद्या दुसरेच बोलतो, तो मात्र कोणालाच समजत नाही.

अशा बाबतीत ख्रिस्तसभेलाही विचार करावा लागला आहे. २० डिसेंबर १९५० रोजी रोमहून निघालेल्या आदेशाने धर्मगुरूंना रोटरी क्लबचे सभासद होण्यास मनाई केली आणि प्रापंचिकांना सावध राहण्यास सांगितले. पुढे १९७९ साली रोममध्ये भरलेल्या रोटरीच्या अधिवेशनाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्वतः संबोधित केले. मधल्या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली होती. माणसांची सुखदुःखे ही ख्रिस्तशिष्यांचीही सुखदुःखे आहेत, ही शिकवण तिने १९६५ मध्ये जगापुढे ठेवली. याचा अर्थ सगळीच दारे उघडी झाली असा नाही. फ्रीमेसन संघटनेचे सभासदत्व आजही निषिद्ध आहे. तेव्हा ती संस्था नेमके काय करते आणि सभासदाकडून काय मागते, हे पाहूनच ठरवायचे.

वसईचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले. तेथील पाणी, झाडे आणि शेती यांसाठी कॅथोलिक आणि हिंदू शेजारी एकत्र आले. कोणी आपला धर्म सोडला नाही. याच फादरांना जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. धर्मगुरू म्हणून जगतच ते मराठी समाजाचे झाले.

पण खरी कसोटी पूजेच्या ताटापाशी लागत नाही. ती बैठकीत लागते. कोकणात गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकण्याचे प्रकार आपण ऐकले आहेत. त्या घराशी बोलायचे नाही, त्यांच्या लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. महाराष्ट्राने २०१६ साली याविरुद्ध कायदा केला. तो २०१७ मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण कायदा बैठकीत हात वर करत नाही. तो हात माणसालाच वर करावा लागतो. समजा, आपण सभासद आहोत आणि असा ठराव पुढे आला. सगळे गप्प आहेत. "आपण बाहेरचे, आपल्याला काय!" असे म्हणून आपणही गप्प बसलो, तर आपली एवढ्या वर्षांची वर्गणी कशासाठी होती? आणि आपण कधी बैठकीलाच गेलो नसलो, तर त्या घराची बाजू मांडायला आपल्याला तोंड तरी कुठले?

येथे आम्हीही निर्दोष नाही. मंडळात गेलो तेव्हा आपला मान राहावा, म्हणून न पटलेल्या गोष्टीला आम्ही कधी माना डोलावल्या आहेत. कधी "नको ती भानगड" म्हणून घरीच थांबलो आहोत. दोन्ही वेळा शेजारी एकटा पडला.

म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवू या. जिथे "हे मला पटत नाही" असे शांतपणे सांगूनही आपण सभासद राहू शकतो, तिथे अवश्य जावे. जिथे न बोलणे हीच सभासदत्वाची किंमत आहे, तिथे एकदा तरी बोलून पाहावे. त्यासाठी बाहेर पडावे लागले तर पडावे, पण वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणातूनच घरी यावे. प्रभू येशू जकातदाराच्या घरी जेवला, पण जकातदाराच्या लुबाडणुकीत सामील झाला नाही. जेवणानंतर जक्कयच बदलला.

मीठ बरणीत राहिले तर सुरक्षित राहते, पण आमटी अळणीच राहते. पुढच्या वेळी पावतीपुस्तक दारात आले, की वर्गणी तर देऊच. सोबत एवढे विचारू या: "बैठक कधी आहे?"