रंग शेवटी लागतो



आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३८ व्या श्लोकाचं. त्याच्या दोनच श्लोक आधी अर्जुनाने एक प्रश्न विचारलाय. इच्छा नसतानाही माणूस चुकीचं का वागतो? कुणीतरी मानगूट धरून ढकलावं तसा? भगवंत काम आणि क्रोधाकडे बोट दाखवतात आणि मग तीन दाखले देतात. धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वेष्टनात गुंडाळलेला गर्भ. आपल्या आतलं ज्ञान असंच झाकलेलं असतं. ज्ञानेश्वरीत माउली आणखी दाखले देतात: चंदनाच्या मुळाला विळखा घालून बसलेला साप, कोंड्यासकटच जन्माला येणारा दाणा.

हा श्लोक आज मुद्दाम निवडला. आमच्या टीममधल्या एका धाकट्या सहकाऱ्याने गेल्या आठवड्यात अर्जुनाचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, दोन वर्षं झाली. रोज हरिपाठ, रोज एक माळ, एकादशी चुकवत नाही. आणि रविवारी आईचा फोन आला, लग्नाचा विषय निघाला, तर मी इतका ओरडलो की तिने काही न बोलता फोन ठेवला. म्हणजे दोन वर्षं मी नुसता वरवरचा रंगच लावत होतो का? मग बंदच करतो ना!"

"वरवरचा रंग" हे त्याचे शब्द. ते ऐकून मला भोसरीतलं एक गॅरेज आठवलं. एका मित्राची बारा वर्षांची चंदेरी हॅचबॅक तिथे निळी करायला दिली होती. पेंटरकाकांनी आठ दिवस मागितले. मित्राने विचारलं, रंग मारायला आठ दिवस? काका म्हणाले, "रंगाला अर्धा दिवस. बाकीचे दिवस गाडी रंगाच्या लायक करायला."

त्या बाकीच्या दिवसांत काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे.

आधी गाडी धुतात. नुसत्या पाण्याने नाही. वर्षानुवर्षं लावलेलं पॉलिश, मेण, तेलकटपणा एका द्रावणाने पुसून काढतात. हे घासण्याच्या आधीच करायचं, नाहीतर पेपर तोच तेलकटपणा पत्र्यावर आणखी रगडतो. मग हँडल, दिवे, बंपर, काचांच्या कडेची रबरं काढून ठेवतात. त्यानंतर पोचे काढणं, गंज खरवडणं, पुट्टी भरणं, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. आणि प्रत्येक पायरीमध्ये वाळायला वेळ देणं.

श्लोकातले तीन दाखले मला इथे दिसले. धूर वाऱ्याच्या एका झुळकीने हटतो, तसा वरचा मळ धुण्याने जातो. आरशाला हात लावून पुसावं लागतं, तसं पुढचं काम घासण्याचं. आणि गर्भ? तिथे घाई चालतच नाही, दिवस भरावे लागतात. पुट्टी अर्ध्या तासात हाताला घट्ट लागते, पण तिच्यावरचा प्रायमर पुरता वाळायच्या आत रंग मारला तर त्या दिवशी गाडी छान दिसते आणि काही आठवड्यांनी आतले ओरखडे, पुट्टीच्या कडा हळूहळू वर येतात. आपण साधकही हेच करतो. शिबिरातून आलो की पहिला आठवडा झकास, आणि महिन्याभराने जुन्या कडा वर!

आता घासण्याबद्दल. आपल्याला वाटतं, नवा रंग द्यायचा म्हणजे जुना सगळा काढायचा, पत्रा उघडा करायचा. तसं नसतं. कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या एखाद्या पानाएवढी. हा जुना रंग जिथे पत्र्याला घट्ट धरून आहे तिथे तो ठेवतात. फक्त त्याची चमक मारतात. कारण तुकतुकीत पृष्ठभागावर नवा रंग धरत नाही. वरून बसल्यासारखा दिसतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. बारीक ओरखडे हवेत, रंगाला पकडायला जागा हवी.

म्हणून भक्तीला लागताना "मी सगळा बदलून टाकतो" म्हणत स्वतःला सोलून काढू नका. तुमचा स्वभाव, शिक्षण, विनोदबुद्धी, कोडिंगची आवड यातलं जे घट्ट आहे ते राहू द्या. जायला हवी ती "मला सगळं कळतं" ही चमक. आणि घासण्यालाही मर्यादा असते. कडांवर जोर लावला तर क्षणात पत्रा उघडा पडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अजिबात न खाणाऱ्यालाही नाही.

गंजाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दयामाया नाही. रंगाखाली चण्याएवढा फुगा दिसतो, आणि टोकरलं की खाली रुपयाएवढा खड्डा निघतो. त्यावर पुट्टी भरून रंग मारला तर गंज आतल्या आत चालूच राहतो. स्वच्छ पत्रा लागेपर्यंत खरवडावंच लागतं. मनातही अशा जागा असतात. भावाने वाटणीच्या वेळी काढलेला एक शब्द, वडिलांनी दुसऱ्या कुणाच्या मुलाशी केलेली तुलना. वरून फुगा छोटाच. त्यावर कितीही अभंग गायले तरी आतलं काम आत चालू. तिथे क्षमा करावी लागते किंवा मागावी लागते. तिसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आणि एक बारकावा. गंज काढून उघडा पडलेला पत्रा तसाच सोडत नाहीत. पावसाळी हवेत तर रातोरात त्यावर पुन्हा तांबूस छटा धरते. म्हणून लगेच प्रायमर. आपण रात्रीचं रील्स बघणं सोडतो, आणि त्या रिकाम्या तासात काहीच ठेवत नाही. चार दिवसांत तीच सवय, किंवा तिची बहीण, परत येते. सोडलं तिथे त्याच दिवशी काहीतरी ठेवा. पाच मिनिटं नाम, दोन ओव्या, काहीही.

आता माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो.

प्रायमर वाळला की पत्रा एकसारखा करडा दिसतो. डोळ्यांना सगळं सपाट वाटतं. तेव्हा पेंटरकाका त्यावर एक पातळसा काळा फवारा मारतात. नवख्या माणसाला वाटेल, चांगलं काम खराब केलं! मग ते लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून हलक्या हाताने घासतात. उंच भागावरचा काळा निघून जातो. जिथे खड्डा आहे तिथे मात्र तो टिकून राहतो. म्हणजे काळ्या फवाऱ्याने खड्डा केला नाही, दाखवला. तो आधीपासून होता, फक्त करड्यात लपला होता.

मित्रा, रविवारचा आईचा फोन हा तो काळा फवारा होता. दोन वर्षं वाया गेल्याचा तो पुरावा नाही. पूर्वीही तू ओरडतच असशील, पण तेव्हा ते खटकत नव्हतं. आता खटकलं, आठवडाभर झोंबलं, तू येऊन बोललास. खड्डा दिसावा इतका बाकीचा पत्रा सपाट झालाय, हे नामाचंच काम. पण दिसला म्हणून खड्डा भरून निघत नाही. पेंटर काळा डाग बघून समाधानाने घरी जात नाही, तो पुट्टीचा डबा उघडतो. तू आईला फोन कर. लग्नाच्या विषयावर तुझं म्हणणं तेच ठेव हवं तर, पण आवाज चढवल्याबद्दल क्षमा माग. आजच माग.

फोन घरचाच होता, यातही एक अर्थ आहे. गाडीला तोच रंग पुन्हा द्यायचा असेल तर काम बाहेरच्या बाहेर होतं. रंग बदलायचा असेल तर दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीच्या कडा हे सगळं तितक्याच निगुतीने घासून तयार करावं लागतं. नाहीतर दार बंद असताना गाडी निळी आणि दार उघडलं की चंदेरी! रंग बदलल्यावर आरटीओकडून आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी लागते, पण नोंद झाली म्हणून चौकटी निळ्या होत नाहीत. गळ्यात माळ, प्रोफाइलला विठ्ठल, ही आपली नोंद झाली. कीर्तनातला, ऑफिसातला, सोसायटीतला आपला चेहरा हा बाहेरचा पत्रा. चौकटी दिसतात त्या दार उघडणाऱ्यालाच. आईला, बायकोला, नवऱ्याला, धाकट्या बहिणीला. ती माणसं काय म्हणतात ते ऐका. ती आतल्या रंगाबद्दल बोलत असतात.

शेवटी एक धोका. सगळी तयारी झाल्यावर, रंगाच्या तोंडावर, पत्र्याला उघडा हात लावत नाहीत. बोटाच्या तेलाचा ठसा पुरेसा असतो, तेवढ्याच जागेवर रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात. "एवढी तयारी मी केली" हे त्या बोटाचं तेल.

पण दाखला जिथे थांबतो तिथे आपणही थांबायला हवं. गॅरेजमध्ये तयारी संपल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाहीत. नामाचं तसं नाही. आधी शुद्ध होतो मग नाम घेतो, असं म्हणून कुणी थांबू नका. आपल्या संतांनी कुणालाही पात्रतेचा दाखला मागितला नाही. इथे धुण्याचं पाणी नाम, घासायचा पेपर नाम, प्रायमर नाम आणि शेवटचा रंगही तोच. म्हणून "बंदच करतो ना" याचं माझं उत्तर आहे: बंद करू नकोस. अर्ध्यात सोडलेल्या गाडीइतकी लवकर गंजणारी गाडी दुसरी नसते.

आजचा अभ्यास: गेल्या सात दिवसांत आपण कुठे भडकलो, कुठे कुढलो, ती एकच जागा आठवा. समोरच्याने काय केलं ते बाजूला ठेवा. आपला खड्डा कुठे दिसला तेवढं एका ओळीत लिहा. मग एक माळ करा, आणि उठल्यावर त्या माणसाला फोन करा.

रंग लावणारा तो समर्थ आहे. आपण घासत राहू.

राम कृष्ण हरी!