गुप्ततेला वारस नसतो

तेरावं झालं, पाहुणे पांगले, की अनेक घरांत एक वाक्य ऐकू येतं : "ताई, बाबांनी सगळं लिहून ठेवलंय, तू काळजी करू नकोस." काय लिहिलंय, कधी, कुणाच्या देखत, हे विचारलं की विचारणारीच लोभी ठरते. हा समज मला चुकीचा वाटतो, आणि कायद्यालाही तो मान्य नाही.

वडील हयात असेपर्यंत त्यांचं मृत्युपत्र पाहण्याचा हक्क मुलाला नाही, मुलीला नाही, पत्नीलाही नाही. ते रास्तच आहे. मृत्युपत्र शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. घर कुणाला दिलं हे घरात कळलं, की मन बदलण्याची मोकळीक संपते. म्हातारपणी माणसाच्या हाती जी थोडी सत्ता उरते, तिचा मोठा भाग या न सांगण्यातच असतो. १९०८चा नोंदणी कायदा ती इतकी जपतो, की नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते.

पण त्याच कायद्याचं ५७वं कलम पुढे म्हणतं, की मृत्यूनंतर, आणि मृत्यूनंतरच, अर्ज करील त्या कोणालाही ही नक्कल द्यावी. वारसच हवा, असंही नाही. मी या शब्दांपाशी नेहमी थांबतो. गुप्तता ज्याची होती तो गेला, तशी तीही गेली. घर, शेत, दागिने मागे राहतात आणि कुणाकडे तरी जातात. गुप्तता जात नाही. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आली, त्याला ती वारशात मिळत नाही.

याचं कारण साधं आहे. मृत्युपत्र करणाऱ्याला "तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?" असं आता विचारता येत नाही. बोलायचं ते कागदानेच, आणि कागदाची पारख तो वाचूनच होते. सही नेहमीसारखी आहे का? तारीख ते अंथरुणाला खिळले होते तेव्हाची तर नाही? साक्षीदार दोन हवेतच, पण ते कोण आहेत? ज्याने पुढाकार घेऊन कागद करवून घेतला, त्यालाच सगळं मिळालंय का? वेंकटाचल अय्यंगार खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा शंका फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकली. पण कागद पाहिलाच नाही, तर शंका तरी कशी सुचावी?

वाचण्याचा हक्क हा हिश्श्याचा हक्क नव्हे. स्वकष्टार्जित मालमत्ता वडील हवी त्याला देऊ शकतात. मुलीच्या वाट्याला काहीच नसेल, तरीही तिला वाचायला मिळालं पाहिजे. वडिलांनी मला वगळलं हे त्यांच्याच वाक्यांत वाचणं आणि भावाच्या तोंडून ऐकणं, यांतलं दुःख सारखं नसतं.

अडचण खरी आहे ती नोंदणी न केलेल्या मृत्युपत्राची, कारण नोंदणी ऐच्छिक आहे. तो कागद बहिणीला घरी दाखव, असं कायदा भावाला थेट सांगत नाही. पण न दाखवता त्याला तो वापरताही येत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर तलाठ्याकडे फेरफारासाठी द्यावा लागतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकत घेता येते. दाबूनच ठेवला, तर १९२५च्या वारसा कायद्याच्या २६७व्या कलमाखाली जिल्हा न्यायाधीश तो हजर करायला लावू शकतात. आणि मृत्युपत्र पुढे येत नाही तोवर हिंदू कुटुंबात वडिलांच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा हिस्सा सारखाच.

म्हणूनच "लिहून ठेवलंय" या वाक्यामागोमाग पुष्कळदा हक्कसोडपत्र येतं. त्यावर बहिणीची सही झाली, की मृत्युपत्र दाखवायची गरजच उरत नाही. किंबहुना ते होतं की नव्हतं, हेही मग कुणी विचारत नाही. वाचायचं ते या सहीच्या आधी.

त्यासाठी भांडावं लागतंच असं नाही. मृत्युपत्र नोंदवलेलं असेल, तर मृत्यूचा दाखला घेऊन त्या दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करायचा आणि फी भरायची. मृत्युपत्रं तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात असतात. ते आपल्याला चाळता येत नाही, शोध अधिकारीच घेतात. पण प्रमाणित नक्कल हाती येते, आणि त्यासाठी दादाची परवानगी लागत नाही.